आयबी, ए लेव्हल, एपी की एचएससी: ठाण्यातल्या एका मुलीच्या अकरावीचं प्रकरण

पार्श्वभूमी

मी ठाण्यात नौपाड्याला आठवी ते बारावीच्या मुलांची गणिताची ट्यूशन घेते, घरातच, एका बॅचला सहा मुलं. हे प्रकरण माझ्या एका विद्यार्थिनीचं आहे. घरच्यांना विचारून लिहितेय, नाव आणि काही बारीकसारीक गोष्टी बदलल्यात. तिला सई म्हणू.

सई घोडबंदर रोडला राहणारी, स्टेट बोर्ड, इंग्लिश मीडियम. बाबा ऐरोलीला आयटीत, आई सहकारी बँकेत, धाकटा भाऊ तेव्हा पाचवीत. गणितात हुशार हे सगळेच म्हणायचे, पण तिची हुशारी हळू चालणारी होती. एक गणित सुटलं की पान उलटायची नाही, दुसऱ्या पद्धतीने येतंय का बघत बसायची, आणि तोवर बाकीची पाच मुलं पुढच्या तीन गणितांवर गेलेली असायची. नववीत त्रिकोणाच्या मध्यगा एकाच बिंदूत का मिळतात हे विचारलं म्हणून मी तिला सिद्धता करून दाखवली, तर वही बघत म्हणाली, "ताई, पटलं, पण दिसलं नाही." दुसऱ्या दिवशी पुठ्ठ्याचा त्रिकोण कापून तो पेन्सिलीच्या टोकावर तोलून घेऊन आली. ही मुलगी डोळ्यासमोर ठेवूनच पुढचं वाचा, कारण आम्ही सगळे जवळजवळ दोन आठवडे तिलाच विसरलो होतो.

प्रश्न काय होता

दहावीची परीक्षा संपली आणि एप्रिलमध्ये आई-बाबा एक जाडजूड फोल्डर घेऊन आले. बाबांचं ठरलेलं होतं: ज्युनियर कॉलेजला नाव घालायचं आणि जेईईचा इंटिग्रेटेड क्लास लावायचा, म्हणजे कॉलेज नावापुरतं आणि सगळा वेळ आयआयटी-एनआयटीच्या प्रवेश परीक्षेची तयारी. नेरूळच्या आत्याचा मुलगा आयबी म्हणजे इंटरनॅशनल बॅकलॉरिएट या आंतरराष्ट्रीय बोर्डाचा कोर्स करून इंग्लंडला गेलेला, त्यामुळे आत्या रोज फोन करून सांगायची की दादा, पैशाकडे बघू नकोस, पोरीला आयबीला घाल. आईला फी आणि प्रवास दोन्हीची धास्ती. सईचं एकच वाक्य होतं, "मला रोज चार तास एमसीक्यू नाही करायचे." म्हणजे चार पर्यायांतून उत्तर निवडायचे प्रश्न.

त्यात नवी मुंबईतल्या एका शाळेने प्रिलिमच्या मार्कांवर आयबीची सीट देऊ केली होती, पण सात दिवसांत पैसे भरून ती ब्लॉक करायची होती. दहावीचा निकालही लागला नव्हता. बाबा मला म्हणाले, "मॅडम, यातलं सगळ्यात चांगलं कुठलं तेवढं सांगा."

मी तेव्हा लगेच उत्तर द्यायला नको होतं. पण दिलं, म्हटलं अभ्यासक्रम म्हणून आयबी सगळ्यात भारी. ते खरंही आहे, पण त्या एका वाक्याने त्या घरात पुढचे चार दिवस नुसता वाद झाला.

पर्याय

मग एका रविवारी सगळे माझ्याकडे बसलो आणि एकेक पर्याय नीट उलगडला. आत्याही नेरूळहून ट्रान्सहार्बरने आली होती.

आधी आयबी डिप्लोमा. १९६८ साली जिनिव्हात सुरू झालेली संस्था, दोन वर्षांचा कोर्स. सहा विषय, त्यातले तीन हायर लेव्हलला, बाकीचे स्टँडर्ड लेव्हलला. हायरला साधारण २४० तास शिकवणं अपेक्षित, स्टँडर्डला १५०. प्रत्येक विषयाला ७ गुण, वर थिअरी ऑफ नॉलेज (आपल्याला जे कळतं ते कसं कळतं, याचा अभ्यास) आणि ४००० शब्दांचा एक्स्टेंडेड एसे मिळून ३, असे एकूण ४५. डिप्लोमा मिळायला किमान २४ लागतात, शिवाय काही अटी. त्यात कॅस म्हणजे खेळ, कला, समाजकार्य दीड वर्षभर नोंदवत राहायचं. गणितात दोन प्रकार, त्यातल्या अॅनालिसिस अँड अप्रोचेस हायरला एक अख्खा पेपर असा की त्यात दोनच लांबलचक प्रश्न, एका पायरीवरून पुढची पायरी शोधत जायचं. शिवाय २० टक्के मार्क स्वतः विषय निवडून लिहिलेल्या प्रोजेक्टचे. हे ऐकून सई पहिल्यांदा खुर्चीत पुढे सरकून बसली.

अडचण वेगळीच निघाली. माहितीपत्रकात सगळे विषय दिसतात, पण शाळेचं टाइमटेबल ब्लॉकमध्ये असतं आणि एका ब्लॉकमधला एकच विषय घेता येतो. त्या शाळेत केमिस्ट्री आणि इकॉनॉमिक्स एकाच ब्लॉकला. बाबांना इंजिनीअरिंगची वाट उघडी राहावी म्हणून केमिस्ट्री हवी होती, ती घेतली तर सामाजिक शास्त्रात उरत होतं बिझनेस मॅनेजमेंट, ज्यात सईला काडीचा रस नाही. ही गोष्ट अॅडमिशनच्या मीटिंगमध्ये कोणी सांगितली नव्हती, आईने फोन करून ब्लॉकचा तक्ता मागवला तेव्हा कळली. आयबी बघणाऱ्या प्रत्येक पालकाला माझं कळकळीचं सांगणं आहे, पैसे भरण्याआधी तो तक्ता मागा.

दुसरी गोष्ट तारखांची. भारतातल्या विद्यापीठांच्या संघटनेच्या म्हणजे एआययूच्या लेखी आयबी डिप्लोमा बारावीच्या बरोबरीचा आहे, तो प्रश्न नाही. पण मे सत्राचा निकाल जुलैच्या पहिल्या आठवड्यात लागतो आणि आयआयटी-एनआयटीची जोसाची, म्हणजे एकत्रित सीटवाटपाची, प्रक्रिया जूनमध्येच सुरू झालेली असते. परदेशी जाणाऱ्यांचं काम शाळेने आधीच कळवलेल्या अंदाजी गुणांवर चालतं, त्यांना याचं काही वाटत नाही. आत्याच्या मुलाला वाटलं नाही ते म्हणूनच. फीचा आकडा दोन वर्षांचा मिळून १४ लाखांच्या घरात जात होता.

मग ब्रिटनच्या केंब्रिज बोर्डाचं ए लेव्हल. ठाण्यातच एक शाळा होती. यात तीन-चारच विषय पण खोलवर, पहिल्या वर्षाला एएस म्हणजे अर्धा टप्पा, दुसऱ्या वर्षाला पूर्ण ए लेव्हल, ग्रेड ए स्टार ते ई. भारतात फेब्रुवारी-मार्चची परीक्षा देता येते आणि निकाल मे महिन्यात हातात पडतो, म्हणजे इथल्या अॅडमिशनच्या वेळेत बसतं. सईसारख्या मुलीला कागदावर हेच सगळ्यात जुळणारं होतं, मला आजही तसंच वाटतं. पण गणिताच्या पुढचा फर्दर मॅथ्स हा विषय त्या शाळेत शिकवतच नव्हते. शिवाय एनआयटी-आयआयटीला बारावीचे पाच विषय मोजतात, फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्स, एक भाषा आणि आणखी एक. तीन विषयांचं ए लेव्हल घेतलं तर भाषा आणि पाचवा विषय वेगळे उभे करावे लागणार, आणि तिथल्या कौन्सेलरला हे नीट सांगता येईना. बाबांनी तिथेच मान हलवली.

तिसरं एपी, म्हणजे अॅडव्हान्स्ड प्लेसमेंट. ही कॉलेज बोर्ड या अमेरिकन संस्थेची परीक्षा, तिथल्या विद्यापीठांच्या प्रवेशात उपयोगी पडणारी, १९५० च्या दशकापासून चालत आलेली, मे महिन्याच्या पहिल्या दोन आठवड्यांत होते, १ ते ५ गुण. एपी ही स्वतः बारावी नाही. ती बारावीच्या जोडीला द्यायची, हव्या त्या विषयाची, आणि त्यासाठी एपीवाल्या शाळेत जायलाच पाहिजे असं नाही, घरी अभ्यास करून सेंटरवर बसता येतं. पेपरमागे दहा हजारांच्या वर पडत होते, पण १४ लाखांपुढे ते काहीच नाही.

आणि चौथं आपलं एचएससी. फी नगण्य, घराजवळ, एमएचटी-सीईटीला म्हणजे राज्याच्या इंजिनीअरिंगच्या प्रवेश परीक्षेला धरून. सीईटीत बारावीचा भाग ८० टक्के, अकरावीचा २० टक्के, २०० मार्क, चुकीच्या उत्तराला मार्क कापत नाहीत. एचएससीच्या जोडीला इंटिग्रेटेड क्लास की एपी, असे परत दोन फाटे. सीबीएसईची एक शाळाही फोल्डरमध्ये होती, ती पाच मिनिटांत बाजूला पडली, कारण तिथेही शेवटी तोच इंटिग्रेटेड क्लास होता.

तीन रविवार

इथे एक गोष्ट केली ती मला या सगळ्या प्रकरणातली सगळ्यात कामाची वाटते. सात दिवसांची मुदत जाऊ द्या म्हटलं, सीट गेली तर गेली, आणि तीन रविवार सईला तीन नमुना पेपर दिले. जेईई मेनचा, ए लेव्हल गणिताचा आणि एपी कॅल्क्युलसचा. न शिकवलेला भाग गाळून, पण घड्याळ लावून.

जेईईच्या दिवशी बाबा स्वतः थांबले होते. ७५ प्रश्न, तीन तास. सईने २२ सोडवले, त्यातले १७ बरोबर. एका प्रश्नावर १९ मिनिटं गेली होती. पेपर गोळा केला तर रफ पानावर तोच प्रश्न दोन पद्धतींनी सोडवलेला, आकृती पट्टीने काढलेली, आणि खाली बारीक अक्षरात लिहिलेलं की पर्याय क यायचा तर k ही संख्या ऋण असायला पाहिजे, पण प्रश्नात तसं म्हटलेलं नाही. तिचं बरोबर होतं, प्रश्नच अर्धवट छापलेला होता. बाबा ते पान हातात घेऊन बराच वेळ खिडकीपाशी उभे राहिले. मग म्हणाले, "मॅडम, ही तिथे रडेल."

एपीच्या पेपरचा दुसरा भाग लिहायचा असतो, सहा प्रश्न, प्रत्येकाला ९ पॉइंट, पायऱ्यांना मार्क. कॅल्क्युलस तिला जेमतेम महिनाभर शिकवलेलं, त्यामुळे दोनच प्रश्नांना हात घातला, पण ते दोन असे लिहिले की वाचताना बरं वाटावं. ए लेव्हलचा पेपरही चांगला गेला.

निर्णय

ठरलं ते असं: ठाण्यात साधं ज्युनियर कॉलेज, इंटिग्रेटेड नाही, रोज खरंच वर्गात बसायचं असं. जोडीला एपीचे दोन पेपर, कॅल्क्युलस बीसी (कॅल्क्युलसच्या दोन पेपरांतला मोठा) आणि फिजिक्स सी मेकॅनिक्स. सीईटी द्यायचीच, ही बाबांची अट. जेईईचं नाव काढायचं नाही, ही सईची अट. आत्या नाराज झाली. तिचं म्हणणं होतं की लिहिण्या-बोलण्याचा जो आत्मविश्वास तिच्या मुलाला आयबीने दिला तो एचएससीत मिळणार नाही, आणि याचं उत्तर आमच्यापैकी कोणाकडेच नव्हतं.

काय केलं आणि कुठे चुकलं

पहिली चूक माझी. मी धरून चालले होते की एपी बारावीनंतरच्या मे महिन्यात द्यायची, सिलॅबस तोवर पुरा होतो, बिनघोर. जुलैमध्ये नीट हिशेब मांडला तेव्हा लक्षात आलं की अमेरिकेचे अर्ज बारावीच्या डिसेंबर-जानेवारीपर्यंत जातात, आणि बारावीनंतर दिलेल्या एपीचा निकाल जुलैत येतो. म्हणजे प्रवेशासाठी त्याचा काही उपयोग नाही, गेल्यावर क्रेडिट, म्हणजे एखाद्या विषयातून सूट, मिळालं तर मिळालं. उपयोग व्हायचा असेल तर पेपर अकरावीच्याच मे महिन्यात द्यायला हवेत. आणि त्यासाठीची नोंदणी आदल्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये.

आता आपल्याकडची अकरावी बघा. ऑनलाइन प्रवेशाच्या फेऱ्या चालता चालता गणपती उजाडतात. सईचं कॉलेज सुरू झालं ऑगस्टच्या मध्यावर, पुस्तकं मिळाली सप्टेंबरात, आणि नोव्हेंबरात आम्हाला ठरवायचं होतं की मे मध्ये बीसी झेपेल का. महाराष्ट्र बोर्डाच्या अकरावीला लिमिट आणि डिफरन्सिएशनची सुरुवात होते, इंटिग्रेशन सगळं बारावीला, आणि बीसीमधल्या अनंत श्रेणी तर दोन्ही वर्षांत धड नाहीतच. म्हणजे बारावीचं गणित अकरावीतच संपवून वर श्रेणी शिकवायच्या. इथे आम्ही खरं तर बीसीऐवजी सोपा एबी पेपर निवडायला हवा होता की काय, यावर माझं मन अजून पक्कं नाही. सई म्हणाली बीसीच, आणि मी हो म्हटलं.

दुसरी चूक सेंटरची. जवळच्या सेंटरवर कॅल्क्युलस होता पण फिजिक्स सी नव्हता, प्रत्येक सेंटर प्रत्येक विषय घेतंच असं नाही, हे आम्हाला शेवटच्या आठवड्यात कळलं. दुसरं सेंटर शोधून लेट फी भरून नाव घातलं. त्या धांदलीत फिजिक्ससाठी शिकवणारं कोणीच ठरवलं नव्हतं हे मागे पडलं. मी फिजिक्स शिकवत नाही. ती एकटीने पुस्तकातून करत राहिली, आणि जानेवारी ते मार्च ती मुलगी दमलेली दिसायची. कॉलेजचं जर्नल, प्रॅक्टिकल, अकरावीची परीक्षा, वर हे. एकदा माझ्याकडे टेबलावर डोकं ठेवून झोपली, मी उठवलं नाही. आईला फोन केला की आज उशीर होईल.

मधेच, अकरावीच्या डिसेंबरात, एक वळण आलं जे फोल्डरमध्ये कुठेच नव्हतं. माझा एक जुना विद्यार्थी घरी आला होता, त्याच्या बॅगेत इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूटच्या (आयएसआयच्या) प्रवेश परीक्षेचा जुना पेपर होता. दोन पेपर असतात, एक एमसीक्यूचा, दुसऱ्यात आठ प्रश्न दोन तासांत पूर्ण लिहून. चेन्नईच्या मॅथमॅटिकल इन्स्टिट्यूटचीही परीक्षा तशीच, एका भागात सिद्धता लिहून द्यायच्या. सईने त्यातला एक प्रश्न उतरवून घेतला आणि आठ दिवसांनी तीन पानं घेऊन आली. मी तिला इतकी खूश क्वचित पाहिलीय. दोन्हीकडे कुठलंही मान्य बोर्ड चालतं, आयएसआयला तेव्हा ट्यूशन फी नव्हती, उलट स्टायपेंड मिळायचा. जी परीक्षा तिच्या स्वभावाची होती ती आपल्याच देशात होती, आणि आम्ही तीन रविवार घेऊनही तिचं नाव कोणी काढलं नव्हतं. गणिताची शिक्षिका म्हणून हे मला फार लागलं, अजून लागतं.

निकाल

एपी कॅल्क्युलस बीसीला ४, फिजिक्सला ३. ४ हे बऱ्यापैकी उपयोगी गुण आहेत, ३ मात्र अनेक विद्यापीठं मोजत नाहीत, म्हणजे फिजिक्सचे पैसे आणि श्रम बरेचसे वाया गेले. अमेरिकेला चार अर्ज केले, दोन ठिकाणी प्रवेश मिळाला, पण आर्थिक मदत धरूनही दरवर्षीची रक्कम या घराला झेपणारी नव्हती. हा हिशेब आम्ही पहिल्याच रविवारी करायला हवा होता. ज्या वाटेचं भाडं परवडत नाही तिच्यासाठी मुलीचं अकरावीचं वर्ष पणाला लावलं गेलं, असंही कोणी म्हणू शकेल आणि मी वाद घालणार नाही. एक मात्र आहे, पायऱ्या लिहून उत्तर पटवून देण्याची जी सवय एपीच्या तयारीत लागली ती पुढे थेट कामाला आली.

बारावीला ८६ टक्के. सीईटीत ९६ च्या पुढे पर्सेंटाइल, म्हणजे नवी मुंबईत एका चांगल्या कॉलेजला इंजिनीअरिंग मिळत होतं. आयएसआयचं झालं नाही, एमसीक्यूचा पेपरच आडवा आला. चेन्नईच्या यादीत नाव आलं.

त्या दिवशी बाबा सीईटीच्या कॅप राउंडचा म्हणजे प्रवेशफेरीचा कागद आणि चेन्नईचं पत्र, दोन्ही समोर ठेवून माझ्याकडे बसले होते. कॉम्प्युटर इंजिनीअरिंग सोडून गणिताची बीएस्सी, हे त्यांना आतून जड जात होतं आणि त्यांनी ते लपवलं नाही. सईने काही वाद घातला नाही. बाबांच्या फोल्डरमधून तो जुना जेईईचा रफ कागद काढला, तोच १९ मिनिटांचा. बाबांनी तो दोन वर्षं जपून ठेवला होता. आज ती सिरुसेरीला, म्हणजे चेन्नईच्या त्याच संस्थेत, दुसऱ्या वर्षाला आहे, पहिल्या सेमिस्टरला फार जड गेलं, आता रुळलीय.

परत करायचं झालं तर

अभ्यासक्रमांची तुलना करण्याआधी मी तारखांचा तक्ता करेन. अकरावी कॉलेज कधी सुरू होणार, एपीची नोंदणी कधी, बोर्ड फेब्रुवारी-मार्च, सीईटी साधारण एप्रिलच्या आसपास, एपी मे, आयएसआय-चेन्नईही मे, आयबीचा निकाल जुलै, परदेशी अर्ज डिसेंबर-जानेवारी. हे एका कागदावर आलं की निम्मे पर्याय आपोआप बाजूला होतात. आम्ही हा कागद जुलैमध्ये केला, एप्रिलमध्ये करायला हवा होता. एक बदल ध्यानात ठेवा, मे २०२५ पासून एपीचे बहुतेक पेपर कॉम्प्युटरवर होतात, कॅल्क्युलस आणि फिजिक्ससारख्यांत लिहायचा भाग अजून कागदावर असतो. सेंटर ठरवताना हेही विचारून घ्या.

दोनऐवजी एकच एपी घेऊ. फिजिक्स शिकवणारं माणूस हाताशी नसताना तो पेपर घेणं चूक होती.

ए लेव्हलच्या शाळेत आणखी दोन फेऱ्या मारायला हव्या होत्या. फर्दर मॅथ्स बाहेरून शिकून त्याच शाळेतून परीक्षेला बसू देतात का, हे आम्ही विचारलंच नाही. विचारलं असतं तर कदाचित ही सगळी गोष्ट वेगळी झाली असती.

आणि आत्याचं म्हणणं मी आता जास्त गंभीरपणे घेते. सईला गणित लिहिता येतं, पण चार पानं सलग इंग्रजीत मुद्दा मांडायचा तर ती अडखळते, हे चेन्नईला गेल्यावर तिनेच मला सांगितलं. आयबीच्या दोन वर्षांत ते झालं असतं. त्यासाठी १४ लाख मोजायची गरज नव्हती, आठवड्यातून एक तास कोणीतरी तिच्याकडून निबंध लिहून घ्यायला हवा होता. आता माझ्या अकरावीच्या बॅचमध्ये शनिवारी शेवटची वीस मिनिटं मुलं एका गणिताची उकल वाक्यांत लिहितात, चिन्हं कमीत कमी वापरून. मुलं कुरकुरतात, तरी घेते. सईचा भाऊही आता माझ्या एका बॅचमध्ये आहे, त्याला बायोलॉजी आवडतं, आणि त्याच्या आईने पहिल्याच दिवशी माझ्याकडून तारखांचा कोरा तक्ता मागून नेला.